कोत द्यु रोन घ्यावी की बोजोले-व्हिलाज?

स्वस्तातली फ्रेंच रेड वाइन म्हटली की हात आधी बोर्दो या प्रदेशाच्या वाइनकडे जातो, आणि त्या किमतीत फसगतही तिथेच जास्त. तिथल्या काबर्ने द्राक्षाच्या, नीट न पिकलेल्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो, वर कोरडा तुरटपणा. तेव्हा खरी निवड कोत द्यु रोन आणि बोजोले-व्हिलाज या दोन फ्रेंच रेड वाइनींतच.

कोत द्यु रोन म्हणजे बहुतेक करून रोन खोऱ्याच्या दक्षिण भागातली वाइन, मुख्यतः ग्रेनाश द्राक्षाची, जोडीला सिरा आणि मुर्वेद्र ही द्राक्षं. ऊन भरपूर म्हणून साखर जास्त, आणि म्हणून अल्कोहोल बहुधा 13.5 ते 14.5 टक्के. चव पिकलेल्या लाल फळांची, मागून मिरी. बोजोले गामे द्राक्षाची. अख्खे घड टाकीत भरतात. तळचे दाणे भाराने फुटून आंबू लागतात, त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड टाकी व्यापतो आणि वरच्या अखंड दाण्यांत आतल्या आत आंबणं सुरू होतं. त्यामुळे सालीतला तुरटपणा फारसा उतरत नाही. केळ्याचा वास आला तर तो या पद्धतीचा, दोष नव्हे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ‘नुव्हो’, म्हणजे त्याच हंगामाची कोवळी बोजोले, मात्र वेगळी, ती ताजीच प्यायची. वर्षभर दुकानात पडलेली असेल तर घेऊच नका.

तापमान चुकलं की तुलना संपली. मुंबईतल्या 30 अंशांत दोन्ही नुसत्या दारूसारख्या लागतात. रोन 16 अंशांना, बोजोले 13 अंशांना चाखा. बर्फाच्या पाण्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवली की रोनला साधारण दहा मिनिटं पुरतात, बोजोलेला पंधरा.

ग्लास एक-तृतीयांश भरा. आधी न हलवता हुंगा, मग फिरवून. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच खराब. तो जात नाही, बाटली परत करा. विझलेल्या काडीचा वास फिरवल्यावर बहुतेकदा उडतो. घोट तोंडभर फिरवा: हिरड्या आवळल्या तर टॅनिन, म्हणजे सालीतून आलेला तुरटपणा, गालांतून पाणी सुटलं तर आंबटपणा, घशाशी आच लागली तर अल्कोहोल.

ही आचच जेवणाच्या वेळी निकाल लावते. तिखटाने अल्कोहोलचा दाह वाढतो, त्यामुळे कोल्हापुरी सुक्क्याबरोबर साडेचौदा टक्क्यांची रोन म्हणजे जिभेला शिक्षा. तिथे गार बोजोलेच बरी. बेताच्या तिखटाच्या भाजलेल्या मटणाला मात्र बोजोले पुरी पडत नाही, तिथे रोनच हवी. उरलेली रोन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस तग धरते, बोजोले दुसऱ्या दिवशीच संपवावी.