स्ट्रिपबोर्डवर दाटीवाटीचं सर्किट: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

औशाजवळ आमच्या शेतात टाकीची पातळी बघून बोअरची मोटर बंद करणारं सर्किट मी स्ट्रिपबोर्डवर, म्हणजे भोकं आणि खालून तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या बोर्डावर, बसवलंय. शेतीची लाईट कधी दिवसा येते, कधी मध्यरात्री, त्यामुळे तिथं माणूस बसवणं शक्य नाही. हाताशी असलेला डबा लहान, म्हणून सगळं दाटीत घ्यावं लागलं. पावसाळ्यात लावलेला बोर्ड मे महिन्याच्या उन्हातही चालू आहे, आणि दाटीवाटी कुठं करावी, कुठं करू नये, हे आता मी खात्रीनं सांगू शकतो.

सगळ्यात जास्त जागा वाचते ती रेझिस्टर उभे लावल्यानं. बोर्डावरच्या भोकांत 2.54 मिमी अंतर असतं. पाव वॅटचा रेझिस्टर आडवा झोपवला तर दोन पायांमध्ये अशी चार अंतरं सहज जातात. उभा केला की तो शेजारशेजारच्या दोन पट्ट्या थेट जोडतो, वरून जंपरही (जोडणारी छोटी तार) वाचतो. फक्त वरची उघडी तार कुठल्या बाजूला येते ते आधी ठरवा. ग्राउंडला जाणारे रेझिस्टर जवळजवळ असतील तर सगळ्यांच्या उघड्या तारा ग्राउंडकडेच ठेवा. मग धक्क्यानं एकमेकींना चिकटल्या तरी काही बिघडत नाही.

आयसीसाठी (चिपसाठी) सॉकेट घ्याच, आणि मधून पोकळ असलेलाच घ्या. त्याच्या पोटात जंपर आडवे मावतात. पिनांच्या दोन रांगांमध्ये प्रत्येक पट्टीवर दोन भोकं मोकळी राहतात. 4 मिमीचं ड्रिल बिट हातानं फिरवून त्यातल्या एकावर पट्टी तोडायची; दुसरं भोक ज्या पिनेला हवं तिला मिळतं. कोणत्या बाजूला तोडायचं हे पिनेगणिक बदलता येतं. मला ही युक्ती फार आवडते, कारण आयसीबाहेरची जागा तिनं वाचते. तोडल्यावर तांब्याचा कीस पट्ट्यांमध्ये अडकतो. जुन्या ब्रशनं तो झाडा, मग सप्लाय देण्याआधी शेजारच्या पट्ट्यांची प्रत्येक जोडी मल्टिमीटरच्या बझरवर तपासा.

दाटी नडते ती उष्णतेला. 12 व्होल्टचे 5 करणारा 7805 रेग्युलेटर पाव अँपियरला पावणेदोन वॅट उष्णता सोडतो, आणि आपल्याकडं डब्यातली हवा आधीच तापलेली. त्याला हीटसिंक लावून मी बोर्डाच्या कडेला घेतलाय आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 105 अंशांपर्यंत चालणारा वापरून लांब ठेवलाय. 100 नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर मात्र आयसीच्या सप्लाय पिनांना चिकटूनच हवा.

मोटरकडचे 230 व्होल्ट या बोर्डावर आणूच नका. दोन पट्ट्यांमधली फट एक मिलिमीटरही नसते. मोटर बंद करणारा माझा रिले (विजेवर चालणारा स्विच) वेगळ्या डब्यात आहे, इथून फक्त त्याच्या कॉइलच्या तारा जातात. कॉइलवर 1N4007 डायोड उलटा लावलाय.

घेताना तपकिरी बोर्डापेक्षा ग्लास इपॉक्सीचा बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी. दाटीच्या सर्किटमध्ये एखादा भाग काढायचा तर शेजारच्या सोल्डरच्या डागांनाही पुन्हा पुन्हा गरम करावं लागतं, आणि तपकिरी बोर्डावरची तांब्याची पट्टी अशा वेळी लवकर उचकटते.