पेंटबॉलसाठी टिकाऊ रेड डॉट हवाय? बुशनेल टीआरएस-२५ वापरून सांगतोय

आधीच सांगतो, पेंटबॉलच्या मार्करवर (रंगाचे बॉल मारणारी बंदूक) रेड डॉट साईट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारं उपकरण, झटक्यानं खराब होत नाही, कारण झटका असतोच कितीसा. तो मरतो समोरनं आलेल्या बॉलनं. ०.६८ इंचाचा बॉल मैदानावर साधारण २८० फूट प्रति सेकंद वेगानं सुटतो, तो जवळनं सरळ काचेवर बसला तर काय होईल बघा. ऑनलाइन जाहिरातीत शॉकप्रूफ लिहिलेलं असतं ना ते मागच्या धक्क्याबद्दल असतं, काचेवर थेट मार बसला तर काय हे कोणी लिहितच नाही.

म्हणून उघड्या, एकाच काचेच्या साईटच्या नादाला लागू नका. दिसायला लय भारी, वजनाला हलका, सगळं मान्य. पण आमच्या साताऱ्याच्या ग्रुपमधल्या एकाचा असलाच स्वस्तातला साईट पाचगणीला खेळताना गेला, काच फुटली नाही पण फ्रेममधनं हलली आणि लाल ठिपका गायबच. शिवाय ठिपका पाडणारा छोटा एलईडी उघड्यावरच असतो, त्याच्यावर पेंटचा एक थेंब पडला तरी ठिपका फाटका दिसतो नायतर दिसतच नाही.

टीआरएस-२५ बंद नळीचा आहे, दोन्ही टोकांना काच, भिंग २५ एमएमचं, ठिपका ३ एमओए (कोनाचं माप, ठिपका किती मोठा ते सांगतं), प्रकाशाच्या ११ पायऱ्या. पाचगणीच्या टेबललँडवर भर दुपारच्या उन्हात वरच्या पायऱ्या लागतातच. ३० मीटरवर हा ठिपका जेमतेम अडीच सेंटीमीटर झाकतो आणि बॉल स्वतः त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त इकडंतिकडं जातो, त्यामुळं आणखी बारीक ठिपक्यासाठी जादा पैसे घालवायची काही गरज नाही, ते पैसे मजबुतीत घाला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा सीलबंद आहे. पेंट पाण्यात विरघळतो, त्यामुळं खेळ झाला की बाटलीतलं पाणी ओतायचं, पेंट वाहून गेला की मऊ कापडानं टिपायचं. टी-शर्टच्या टोकानं कोरडं घासू नका हो! तिकडची जांभ्याची लाल धूळ पेंटला चिकटलेली असते, ती भिंगावर गोल गोल चरे पाडते आणि मग उन्हाकडं तोंड करून बघितलं की ठिपक्याभोवती नुसता धुरकटपणा.

पण बंद नळी झाली तरी पुढची काच काचच आहे, थेट बॉल बसला तर तीही जाऊ शकते. त्यासाठी पुढं पॉलिकार्बोनेटची चकती लावा. ॲक्रिलिक नको, त्याचे तुकडे उडतात. शीटचं काम करणाऱ्या दुकानात छोटा तुकडा कापून मिळतो, तो भिंगाच्या कव्हरच्या रबरी रिंगमध्ये घट्ट बसवायचा आणि चरे पडले की बदलून टाकायचा. साईट वाचवणारी खरी वस्तू हीच.

आता एक अडचण. हा साईट बुटका आहे, आणि तोंडावर मास्क असला की गाल स्टॉकला (मार्करचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग) टेकत नाही, डोळा वरच राहतो. म्हणून खाली उंच माउंट लागतोच, तो वेगळा घ्या. ठिपका दिसत नाही म्हणून मैदानात मास्क वर करायचा नाही, कधीच नाही, डोळ्यापुढं साईट काय चीज आहे. हॉपर (बॉल भरायचा डबा) बरोबर मध्ये वर असेल तर तोच आडवा येतो, हॉपर बाजूला असलेल्या मार्करवर काम सोपं. रेल (साईट बसवायची पट्टी) पण तपासून घ्या, कित्येक मार्करवर ११ एमएमची अरुंद डोव्हटेल रेल असते आणि साईटचा पाया रुंद वीव्हर रेलचा, मग अडॅप्टर आला. स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, ब्लोबॅक मार्कर (दर शॉटला आतला जड हातोडा मागंपुढं होणारा) थरथरून स्क्रू सैल करतो आणि झिरो, म्हणजे ठिपका आणि बॉल एकाच जागी जुळवलेलं सेटिंग, हलला की लोक उगाच साईटला शिव्या देतात.

झिरो तुम्ही जिथनं नेहमी मारता त्या अंतरावर करा, आम्ही २० मीटर धरतो. त्याच्या पुढं बॉल चांगलाच खाली येतो, तिथं ठिपका निशाण्याच्या वर धरायची सवय करावी लागते.

तक्रार एकच, हा आपोआप बंद होत नाही. गडबडीत चालूच बॅगेत गेला की पुढच्या रविवारी सेल बसलेला. सीआर२०३२ बटन सेल लागतो, साताऱ्यात पोवई नाक्यावर सहज मिळतो, पण वर घाटात ऐनवेळी कुठं शोधणार, एक जादाचा खिशात ठेवा.