३१ डिसेंबरचे लाइव्ह बँडचे पास: ३१,१९३ रुपये गेले आणि पोलीस म्हणतात उद्या या

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. लाज वाटते हेच खरं कारण. पैसे फक्त माझे असते तर गप्प बसले असते कदाचित, पण अकरा जणांचे पैसे मी गोळा केले होते आणि मीच पुढे पाठवले, आणि आता ते पास विकणाऱ्या त्याच माणसाने होळीच्या पार्टीचं नवीन पोस्टर टाकलंय हे कळल्यावर डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

पास, क्यूआर, अ‍ॅडव्हान्स, मग अकाउंट गायब, हा प्रकार सगळ्यांना माहितीये. मलाही माहिती होता. मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर लोकांची बिलं तपासणं हेच माझं काम, कुठल्या लॉटरीच्या मेसेजला भुलणारी मी नाही. त्यामुळे "इतकं साधं कळलं नाही का तुला" असं ज्यांना लिहायचंय त्यांनी आधी पूर्ण वाचा.

आमचा ग्रुप कॉलेजचा. ठाणे, मुलुंड, डोंबिवली असे सगळे पसरलेत. दरवर्षी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि जेवण बाहेरून मागवायचं हे ठरलेलं. ह्या वेळी म्हटलं बाहेर जाऊ, आणि डीजे नको, लाइव्ह बँड ऐकू. लोअर परळचं ब्लू फ्रॉग चालू होतं तेव्हा आम्ही तिथे जायचो, २००७ ला सुरू झालं आणि २०१६ ला बंद पडलं, समोर बँड, बसायला त्या गोल गोल खोप्यांसारख्या जागा, आवाज असा की तबल्यावरची बोटं वेगळी ऐकू यायची. फेब्रुवारीत मेहबूब स्टुडिओत ब्लूज फेस्टिव्हल असतो तिथेही गेलोय. म्हणजे गिगला जाणं, ऑनलाइन तिकीट काढणं आम्हाला नवीन नाही. पण ३१ च्या रात्री मुंबईत लाइव्ह बँड शोधून बघा, नव्वद टक्के ठिकाणी डीजे आणि त्याच त्या गाण्यांचे रिमिक्स. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जेव्हा ते पोस्टर दिसलं की लोअर परळच्या मिल कंपाउंडमध्ये रूफटॉपवर लाइव्ह मराठी-हिंदी रॉक, रात्री ९ ते पहाटे ४, अनलिमिटेड स्टार्टर्स, तेव्हा मी लगेच ग्रुपवर टाकलं. बँडही खरा होता. त्यांना मी आधी ऐकलंय. पोस्टरवर त्यांचाच फोटो, त्यांचाच लोगो.

कपल पास ४,४९९, लेडीज सिंगल १,९९९. चार कपल म्हणजे १७,९९६ आणि तिघी सिंगल म्हणजे ५,९९७. एकूण २३,९९३. ३१ डिसेंबरला मुंबईत हा रेट काही फार स्वस्त नाही, "इतकं स्वस्त मिळालं तेव्हाच कळायला हवं होतं" हे मला दहा जणांनी ऐकवलंय आणि ते चूक आहे. स्वस्त नव्हतंच. हल्लीचे हे लोक बरोबर मार्केट रेट लावतात.

आता ज्या क्षणाचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो सांगते. क्यूआर स्कॅन केला, रक्कम टाकली, आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते एका मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. इव्हेंट कंपनीचं नाही, हॉटेलचं नाही, मोबाइल अ‍ॅक्सेसरीज. मी थांबले. खरंच थांबले, पास विकणाऱ्याला फोन केला, विचारलं हे कोण. तो मराठीत बोलत होता, अगदी घरच्यासारखं, "ताई, कंपनीचं करंट अकाउंट लिमिट क्रॉस झालंय, सीझन आहे ना, हे आमच्या पार्टनरचं आहे, तुम्हाला दोन मिनिटांत पास येतो." मग गाव कुठलं विचारलं. मी सातारा म्हटलं तर म्हणाला माझं आजोळ कोरेगाव. आणि मी पिन टाकला. ऑफिसमध्ये एखाद्या व्हेंडरने दुसऱ्याच नावाचं खातं दिलं असतं तर मी पेमेंट तिथेच अडवलं असतं, पाच हजाराचं असतं तरी. ते नाव अजून डोळ्यासमोरून जात नाही. पण एक सांगा, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला पैसे पाठवताना त्याच्या मेव्हण्याचं नाव येतं, रिक्षावाल्याला पाठवताना बायकोचं येतं, रोज दहा वेळा आपण ते बघून पुढे जातो. ह्या सवयीवरच हे लोक जगतात.

दोन मिनिटांत पास आले हेही खरं. म्हणून विश्वास अजून पक्का झाला. चार दिवसांनी त्याचा मेसेज, ग्रुप मोठा आहे तर स्टेजसमोरचं टेबल ५,००० रिफंडेबल डिपॉझिट भरून पक्कं करा, बिलातून वजा होईल. भरले. मग २८ तारखेला, एक्साइजची धाड पडते म्हणून प्रत्येकाचा एक दिवसाचा दारूचा परमिट काढावा लागेल, माणशी २००, म्हणजे २,२००. तेही भरले. महाराष्ट्रात परमिट लागतो हे खरं आहे, म्हणूनच ती थाप पचली. तो एक दिवसाचा परमिट पाच रुपयांत मिळतो हे मला नंतर कळलं, आणि आमच्यातल्या चार जणी दारूला हात लावत नाहीत, त्यांचेही घेतले त्याने. एकूण ३१,१९३.

रात्री साडेनऊला आम्ही तिथे. गेटवरचा बाउन्सर पास बघून म्हणाला हे आमचं नाही. मॅनेजर आला, म्हणाला आमच्याकडे आज आमचीच पार्टी आहे, डीजे आहे, बँड कुठलाच नाही, आणि असे पास घेऊन संध्याकाळपासून लोक येतायत. संध्याकाळपासून! मग गेटवर एक बोर्ड का नाही लावला, स्वतःच्या पेजवर एक ओळ का नाही टाकली? तर म्हणे मॅडम प्लीज साइडला व्हा, आमचे गेस्ट येतायत. तिथे फूटपाथवर आमच्यासारखे तीस-चाळीस जण तरी होते. डोंबिवलीचंच एक नवीन लग्न झालेलं जोडपं शेजारी उभं होतं, त्या मुलीने तिचा पास दाखवला आणि मी माझा काढला, दोन्हीवर बुकिंग नंबर एकच. शेवटचे चार आकडेसुद्धा तेच. आमच्या अकराही पासवर तोच नंबर होता आणि ते आम्ही एकदाही शेजारी धरून बघितलं नव्हतं. पासवरचा क्यूआर स्कॅन केला तर वेबसाइट वगैरे काही नाही, परत तेच पोस्टर उघडतं.

बँडला मी तिथूनच मेसेज केला. त्यांच्या मॅनेजरचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, आम्ही ३१ ला पुण्यात वाजवत होतो, हे पोस्टर आमचं नाही, आम्हाला आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांच्या पेजवर तारखा लिहिलेल्या होत्या, मी नंतर बघितल्या. तिकीट काढायच्या आधी बँडच्या स्वतःच्या पेजवर ती तारीख आहे का हे बघा. अर्धं मिनिट लागतं.

आणि अजून एक, जे मला आमच्या सोसायटीतल्या वकील काकांनी सांगितलं. उघड्या गच्चीवर पहाटे ४ पर्यंत लाइव्ह बँड कायद्याने वाजूच शकत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, बस. ३१ ला बार उशिरापर्यंत चालू ठेवायला परवानगी मिळते ती वेगळी गोष्ट. आणि त्याच भागात २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये रूफटॉपला आग लागून १४ माणसं गेली, त्यानंतर तिथल्या गच्च्यांवर किती कारवाया झाल्या हे मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. पोस्टरवर "रूफटॉप, पहाटे ४ पर्यंत लाइव्ह" दिसलं की तिथेच संशय घ्या.

आता पोलीस. रस्त्यावर बंदोबस्ताला होते त्यांना सांगितलं तर, "ताई, आज ३१ आहे, आज कोण लिहून घेणार, उद्या या." ठीक आहे, त्यांच्यावर लोड असतो, मान्य. तरी आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथे साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा, तर "दारू किती जणांची होती?" दुसरा, "घरी माहितीये का?" मी चाळिशीला आलेली बाई, नवरा शेजारी उभा, आणि मला विचारतायत घरी माहितीये का. मग विचारलं राहता कुठे. ठाणे म्हटल्यावर चेहराच खुलला त्यांचा, पैसे ठाण्यातून गेले ना, मग ठाण्यात तक्रार करा. सुट्टी टाकून ठाण्यात गेले, तिथले म्हणतात घटना लोअर परळची, तिकडे जा. मी म्हटलं झिरो एफआयआर घ्या, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवायचाच, आणि फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दखलपात्र आहे. तर म्हणे, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. त्या अर्जाचं काय झालं विचारायला फोन केला की ज्यांच्याकडे दिलाय ते साहेब बंदोबस्ताला. नंतर सुट्टीवर. नंतर बदलीच झाली म्हणे. ३१ हजार त्यांच्यासाठी किरकोळ असतील, पण त्या फूटपाथवर चाळीस माणसं होती, हिशोब करा, एका रात्रीत त्याने किती लाख उचलले! प्रत्येकाला वेगळ्या ठाण्याला पिटाळलं की प्रत्येक केस किरकोळच दिसणार.

बँकेची वेगळीच तऱ्हा. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं सर्क्युलर आहे, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, ते मी घेऊन गेले. ते फक्त तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तरच. पिन तुम्ही स्वतः टाकलात, म्हणजे व्यवहार तुमचाच. काउंटरवरच्या मुलाने हे सांगताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्याच्या नावाने पैसे गेले ते खातं निदान गोठवा म्हटलं, तर ते दुसऱ्या बँकेचं, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, नंबर मिळाला. पण ही व्यवस्था पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत पकडण्यासाठी आहे, लगेच फोन केला तर रक्कम अडवता येते. आमचे पैसे डिसेंबरच्या मध्यात गेले आणि फसलो हे कळलं ३१ ला रात्री. सगळी मेख इथेच आहे. ओटीपीवाला चोर असेल तर दहा मिनिटांत मेसेज येतो, आपण धावपळ करतो. इथे तो आपल्याला दोन-अडीच आठवडे खुशीत ठेवतो, पास हातात असतात, ड्रेस घेऊन झालेला असतो, आणि तोवर त्याने पैसे काढून सिम फेकलेलं असतं. म्हणून इव्हेंटचे पैसे भरले की त्याच दिवशी त्या जागेच्या लँडलाइनवर फोन करा. पोस्टरवरच्या नंबरवर नाही, जागेच्या स्वतःच्या नंबरवर. मी पोस्टरवरच्या नंबरवर केला होता, त्याने "हो मॅम, कन्फर्म" सांगितलं.

जीएसटी नंबर मागा. पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, जीएसटी पोर्टलवर फुकट टाकून बघता येतो आणि खरं नाव समोर येतं. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि पहिल्या पेमेंटनंतर डिपॉझिट, परमिट, टेबल असल्या नावाने दुसरं मागणं आलं तर तिथेच १९३० लावा, कारण तोपर्यंत पहिले पैसे अजून हलले नसतील अशी थोडी तरी शक्यता असते.

ग्रुपमधल्या सगळ्यांना मी माझ्या खिशातून पैसे परत देतेय. कुणी मागितले नाहीत. दोघांनी घेतलेच नाहीत. पण एका मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "तुमच्या अकाउंट्सच्या बाईंनीच केलं ना बुकिंग," आणि ते मला त्या ३१,१९३ पेक्षा जास्त लागलं.

त्या रात्री फूटपाथवर आम्ही नंबर घेतले होते, आता बावीस जणांचा ग्रुप झालाय आणि आम्ही एकत्र तक्रार देणार आहोत, थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे. ज्यांनी ह्या ३१ ला लोअर परळच्या रूफटॉप लाइव्ह बँडचे पास घेतले आणि पैसे पाठवताना मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं होतं त्यांनी मला कळवा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, पासचा स्क्रीनशॉट आणि त्याच्याशी झालेलं चॅट डिलीट न करता ठेवा. आणि होळीच्या नवीन पोस्टरवर नंबर वेगळा असला तरी फॉन्ट आणि "फेज १ सोल्ड आउट" चा लाल शिक्का अगदी तोच आहे, त्याला एक रुपया पाठवू नका.