क्विटोत हातात एकच संध्याकाळ: टेस्टिंग मेन्यू की कार्डावरून?

गॅलापागोस बेटांना निघालेले बरेच जण वाटेत इक्वेडोरच्या राजधानीत, म्हणजे क्विटोत, एक रात्र थांबतात. बेटांकडची विमानं बहुतेक सकाळची असतात. मग या एका संध्याकाळी जरा बरं, नवं काही खायचं तर जायचं कुठे? शहरात इक्वेडोरचंच धान्य, मासे, कंद घेऊन काहीतरी वेगळं रांधणारी महागडी ठिकाणं गेल्या काही वर्षांत बरीच झाली आहेत. त्यांत खरी निवड दोन तऱ्हांमधली असते. एकीकडे ठरलेला टेस्टिंग मेन्यू: आठ-दहा छोटे छोटे पदार्थ, अडीच-तीन तास, आणि काय येणार ते शेफ ठरवणार. दुसरीकडे कार्ड: हवं ते मागवा, तासा-दीड तासात उठा.

पहिल्या तऱ्हेचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे नुएमा. आलेहांद्रो चामोरो आणि पिया सालासार हे नवरा-बायको ते चालवतात. पियाला २०२३ साली 'वर्ल्ड्स ५० बेस्ट' या रेस्टॉरंटांच्या गाजलेल्या यादीवाल्यांनी जगातली सर्वोत्तम पेस्ट्री शेफ म्हणून निवडलं. तिचं नाव झालं ते नारळ, काळा लसूण आणि यीस्ट अशा गोडाने. लसूण गोडात, हे ऐकून आपली आजी काय म्हणाली असती ते मी लिहीत नाही. पण काळा लसूण कित्येक दिवस मंद उबेत मुरवलेला असतो. त्याचा उग्रपणा जातो आणि चव चिंच-गुळाच्या जवळ येते. हे कळलं की गोडात लसूण तितकासा खुळचट वाटत नाही.

माझी अडचण इथेच सुरू होते. असे पदार्थ बहुतेक वेळा मूळच्या साध्या पदार्थाची फिरकी घेत असतात, आणि मूळ चव माहीत नसली तर ती फिरकी आपल्या डोक्यावरून जाते. ज्याने पुरणपोळी कधी खाल्लीच नाही, त्याला पुरणाचा फेस आणि तुपाची भुकटी बशीत मांडून दिली तर तो 'छान आहे' म्हणेल आणि विसरून जाईल. एन्सेबोयादोचंही तसंच. हे ट्यूना आणि युकाचं (म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाचं) आंबटसर कालवण, वर लिंबात मुरलेला कांदा. किनाऱ्यावर लोक ते सकाळीच ओरपतात. ते एकदा प्यायलेलं असेल तर टेस्टिंग मेन्यूत त्याची नुसती झलक आली तरी ओळख पटते. बटाटा आणि चीजचं दाट लोक्रो, अ‍ॅमेझॉनच्या बाजूचा पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला मासा 'मायतो', मानाबी प्रांतातली मका-शेंगदाण्याची 'साल प्रिएता' (आपल्या शेंगदाण्याच्या चटणीची लांबची बहीणच), यांनाही हेच लागू.

म्हणून इक्वेडोरचं जेवण आयुष्यात पहिल्यांदाच खाणार असाल तर मी कार्ड सांगेन. चांगल्या हाताच्या शेफकडे लोक्रो किंवा नारांहिया या आंबट फळाच्या रसात शिजलेलं बोकडाचं 'सेको दे चिवो' पूर्ण ताटलीभर खा. सेकोचा रस्सा मटण खाणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

शाकाहारी असाल तर मात्र माझं मत उलटं होतं. टेस्टिंग मेन्यूवाले बुकिंग करतानाच पथ्य विचारतात आणि तुमच्यासाठी वेगळं काही बेततात. कार्डावर मात्र भाजीच्या पदार्थालाही कोंबडीचं पाणी किंवा डुकराची चरबी लागलेली असू शकते. बटाट्याच्या टिकिया, म्हणजे यापिंगाचो, चरबीतच परततात कितीतरी ठिकाणी. नुसतं 'वेहेतारियानो' म्हणून भागत नाही. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका' (मांस, कोंबडी, मासा, चरबी नको) असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. जैन मंडळींचं दोन्हीकडे कठीण आहे. अँडीजचं जेवण बटाटा, ओका, मेयोको, माश्वा अशा जमिनीखालच्या पिकांवर उभं आहे. टेस्टिंगवाल्यांना निदान चार दिवस आधी कळवता तरी येतं.

पैशांचं थोडक्यात. देशाचं चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलर आहे, त्यामुळे बदलाबदली नाही. पण महागड्या हॉटेलांत कार्डावरच्या किमतीत कर धरलेला आहे की नाही ते आधी पाहा. २०२४पासून १५ टक्के 'इवा' कर आहे, शिवाय मूळ किमतीवर १० टक्के सेवाशुल्क येतं. म्हणजे १०० डॉलरचं जेवण १२५ला पडतं, आणि टेस्टिंगसोबत दारूची जोडी घेतली तर आकडा आणखी चढतो. दुपारी साध्या खानावळीत सूप, भात-आमटी-तुकडा आणि फळाचा रस असं आल्मुएर्सो ३-४ डॉलरांत मिळतं, हे आठवलं की बिल जरा जास्तच टोचतं.

एक गोष्ट मेन्यूवर कोणी लिहीत नाही. क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटरवर आहे. तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, आणि नव्याने आलेल्या माणसाचं पोटही तसंच मंदावतं. पहिल्याच रात्री दहा पदार्थ, त्यावर घायपाताच्या रसाची 'मिस्के' दारू, आणि पहाटे विमानतळ! मी हे एकदा केलं आहे. सातव्या बशीपासून पुढचं मला काही आठवत नाही, आणि बिल मात्र पूर्ण दहा बश्यांचं आलं.

बेटांवरून परतताना पुन्हा क्विटोत मुक्काम असेल तर टेस्टिंगचं बुकिंग त्या रात्रीचं करा. मधल्या दिवसांत एन्सेबोयादो पिऊन झालेलं असेल, कच्च्या केळ्याचा गोळा, म्हणजे बोलोन, खाऊन झालेला असेल, गॅलापागोसचे मासे पोटात गेलेले असतील. फक्त ती रात्र रविवारची नाही ना, तेवढं आधी बघा. रविवारी संध्याकाळी बऱ्याच चांगल्या ठिकाणांची दारं बंद असतात.