नलारबॉरवर बॅटरी उतरली तर: जम्पर केबल की जम्प स्टार्टर?

ऑस्ट्रेलियात नलारबॉर हे ओसाड मैदान ओलांडणारा नॉर्समन ते सेदुना हा रस्ता सुमारे 1,200 किमी. यातलाच एक पट्टा 146.6 किमी नाकासमोर सरळ, आणि बराच काळ मोबाइलला रेंज नाही. इंजिन बंद ठेवून मुलांसाठी फ्रिज नि चार्जर चालू राहिले की बॅटरी बसते.

जम्पर केबल म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेणारी तार. ती स्वस्त, चार्ज करावी लागत नाही. मात्र तांब्याची, किमान 25 चौ. मिमी जाडीची, 3 मीटर लांब घ्या. पातळ केबल नुसती तापते. लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरे लाल चालू गाडीच्या प्लसला, काळे तिच्या मायनसला. शेवटचे काळे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला लावा, बॅटरीला नको: तिथे हायड्रोजन साचलेला असतो, ठिणगी पुरते. खरी अडचण मदतीची. या रस्त्यावर रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारे लांब ट्रक, खूप दिसतात, आणि त्यांची विद्युतप्रणाली अनेकदा 24 व्होल्टची. ती 12 व्होल्टच्या कारला जोडली तर इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

जम्प स्टार्टर म्हणजे गाडी चालू करून देणारी छोटी, सोबत नेता येणारी बॅटरी. त्याला दुसरी गाडीच लागत नाही. 20,000 एमएएचचा म्हणजे 74 वॉट-तास, विमानात 100 च्या मर्यादेत बसतो. पण हातातल्या बॅगेतच. तो जोडून 5 सेकंद गाडीचा स्टार्टर फिरवा, नाही जमले तर अर्धा मिनिट थांबा. डॅशबोर्डवर उन्हात कधीही ठेवू नका. दर मुक्कामी चार्ज तपासा.

कुटुंब सोबत असेल तर आमचे मत जम्प स्टार्टरला.