टूसॉन की सँटा फे? वाळवंटातली एका आठवड्याची सहल, खाण्याच्या अंगाने

रजा कधी मिळतेय ते आधी बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांना सलग सुट्टी मिळते ती डिसेंबरच्या शेवटी, नाहीतर आईबाबा भारतातून आलेले असतात त्या उन्हाळ्यात. डिसेंबर असेल तर सरळ दक्षिण ॲरिझोना. टूसॉनला दुपारी स्वेटर काढावासा वाटतो, तेव्हा न्यू मेक्सिकोतल्या, सात हजार फुटांवरच्या सँटा फेत रस्त्याकडेला बर्फ असू शकतो. उन्हाळ्यात गणित उलटतं. 2023 साली फिनिक्सचा पारा सलग 31 दिवस 110 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला होता. टूसॉन त्यापेक्षा जरा बरं, तरी जूनच्या दुपारी सत्तरीतल्या वडिलांना निवडुंग दाखवायला नेऊ नये. सँटा फेत मात्र त्यांना उंचीची धाप लागू शकते. पहिला दिवस निवांत ठेवा.

ड्रायव्हिंग कमी हवं असेल तर टूसॉनच. फिनिक्सला उतरून आय-10ने 110 मैल, मग एकाच ठिकाणी मुक्काम. उंच निवडुंगांचं सग्वारो नॅशनल पार्क शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अशा दोन तुकड्यांत आहे. न्यू मेक्सिकोत पसारा मोठा: अल्बुकर्की, सँटा फे, चिमायो, टाओस करून पुन्हा दक्षिणेला मिरचीचं गाव हॅच आणि पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांचं व्हाइट सँड्स पार्क. नुसतं अल्बुकर्की ते लास क्रूसेसच 225 मैल. मागच्या सीटवर लहान मुलं असतील तर विचार करा.

आता खाणं. इथे माझा कल उघड न्यू मेक्सिकोकडे आहे. तिथे ‘रेड ऑर ग्रीन?’ हा चक्क राज्याचा अधिकृत प्रश्न आहे: थाळीवर लाल मिरचीचा रस्सा घालू की हिरवीचा? दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. मिरची एकच, हिरवी असताना भाजली की ग्रीन, पिकवून वाळवली की रेड. कुठली जास्त तिखट ते त्या दिवशीच्या मालावर ठरतं, म्हणून वेटरला खुशाल विचारा, सगळेच विचारतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये गेलात तर सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर गरगर फिरताना दिसतात. सालं काळी पडून उडत असतात, ठसक्याने डोळ्यांत पाणी येतं, आणि गरम मिरच्या तशाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात, म्हणजे वाफेने साल सुटतं. हॅचचा मिरची महोत्सव लेबर डेच्या लाँग वीकेंडला असतो. खोली फार आधी बुक करा.

टूसॉनही कमी नाही. युनेस्कोने 2015 साली ‘सिटी ऑफ गॅस्ट्रोनॉमी’ ठरवलेलं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तिथला खरा ऐवज म्हणजे टेपरी बीन्स: आपल्या मटकीसारखं जेमतेम पावसावर येणारं, तोहोनो ओओधाम या इथल्या मूळनिवासी लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं कडधान्य. सान हाविएर मिशन या जुन्या चर्चसमोर याच समाजाचे लोक मांडवाखाली गरम फ्राय ब्रेड तळून देतात. गव्हाचे पातळ, भलेमोठे टॉर्तियाही इथलेच. बाकी गाजलेले पदार्थ मांसाचे: बेकन गुंडाळलेला सोनोरन हॉट डॉग, उन्हात वाळवलेल्या बीफचा कार्ने सेका. बीफ वर्ज्य असेल तर न्यू मेक्सिको सोपं. तिथला मानाचा पदार्थ कार्ने अडोवाडा डुकराचा असतो.

शाकाहारी मंडळींनी दोन्हीकडे नुसतं ‘नो मीट’ म्हणून थांबू नये. बीन्समध्ये आणि टॉर्तियात डुकराची चरबी, म्हणजे ‘मान्तेका’, असू शकते. मिरचीच्या रश्शात मांसाचे तुकडे किंवा चिकन स्टॉक असू शकतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या. न्यू मेक्सिकोत कालाबासितास (कोवळा भोपळा, मका, हिरवी मिरची) आणि टम्म फुगलेला सोपापिया (पुरीसारखा तळलेला),  कोपरा फोडून आत मध ओतून, एवढ्यावर छान भागतं.

व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-94 (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) जवळ ठेवा. सीमा न ओलांडताही व्हाइट सँड्सजवळ आणि टूसॉनच्या दक्षिणेला आय-19वर बॉर्डर पेट्रोलचे नाके लागतात. व्हाइट सँड्सचा रस्ता क्षेपणास्त्र चाचणीसाठी मधूनच बंद होतो, तेव्हा निघण्यापूर्वी पार्कची वेबसाइट बघा. फिनिक्स-टूसॉन रस्त्यावर पावसाळ्यात धुळीचं वादळ आलं तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन दिवे बंद करायचे; दिवे चालू दिसले तर मागचा तुम्हाला रस्ता समजून येऊन धडकतो.

दोन्ही एकाच आठवड्यात? मी करणार नाही. करायचंच असेल तर सँटा फेचा मोह सोडा. टूसॉनहून लास क्रूसेस 275 मैल, तिथून व्हाइट सँड्स, मग हॅचला जेवून 26 नंबरच्या रस्त्याने डेमिंगला आय-10वर या.