हिब्रू लीप वर्षातील दोन आदार: कोणती सॉफ्टवेअर लायब्ररी निवडावी?

हिब्रू, म्हणजे यहुदी, पंचांगात 19 वर्षांच्या चक्रातील 7 वर्षे 13 महिन्यांची असतात आणि वाढीव महिना नेहमी आदार या महिन्यालाच लागतो: आधी 30 दिवसांचा पहिला आदार, मग 29 दिवसांचा दुसरा. आपण जसे अधिक महिना सोडून निज महिन्यात सण करतो, तसाच पुरीम हा यहुदी सण दुसऱ्या आदारच्या 14 तारखेला येतो. हिब्रू सन 5787 हे असेच वर्ष असून त्यात पुरीम 23 मार्च 2027 रोजी आहे.

लीप वर्ष ओळखणे सोपे आहे. सनाला 7 ने गुणून 1 मिळवावा आणि 19 ने भागावे. बाकी 7 पेक्षा कमी उरली, तर ते लीप वर्ष होय. हे तारखा काढणाऱ्या सगळ्याच लायब्रऱ्यांना, म्हणजे तयार कोडच्या संचांना, जमते. खरा प्रश्न आहे तो महिना कोणत्या खुणेने जतन केला जातो हा.

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रणालीतील हिब्रू कॅलेंडर महिने वर्षारंभीच्या तिश्रीपासून ओळीने मोजते, त्यामुळे क्रमांक 7 म्हणजे लीप वर्षात दुसरा आदार, तर साध्या वर्षात आदारनंतरचा निसान महिना. पुरीमची नोंद ‘महिना 7, दिवस 14’ अशी ठेवून ती पुढच्या वर्षी तशीच वापरली, तर पुरीम थेट पेसाह या सणाच्या पूर्वदिनी जाऊन पडतो. शिवाय हे कॅलेंडर 1583 ते 2239 एवढ्याच काळापुरते चालते. नुसती तारीख दाखवायची असेल तर ते पुरेसे आहे, पण दरवर्षी परतून येणाऱ्या नोंदींसाठी मी ते सुचवणार नाही.

आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीमध्ये पहिल्या आदारसाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवला आहे. साध्या वर्षात तो गाळला जातो आणि निसानचा क्रमांक कधीच हलत नाही. जावास्क्रिप्ट भाषेतील तारखांचे साधन टेम्पोरल याहून स्पष्ट आहे: पहिल्या आदारचा संकेत ‘एम05एल’, तर साध्या वर्षातील आदार आणि दुसरा आदार या दोघांचाही ‘एम06’. मात्र त्यातही महिन्याचा ओळीतला क्रमांक वेगळा मिळतो आणि तो वर्षागणिक बदलतो, म्हणून डेटाबेसमध्ये संकेतच साठवावा. टेम्पोरल जुन्या ब्राउझरांत मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

निवड करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. 9 मार्च 2024 रोजी, म्हणजे पहिल्या आदारच्या 29 तारखेला, एक मुलगा जन्मला आणि 11 मार्चला, म्हणजे दुसऱ्या आदारच्या 1 तारखेला, दुसरा. त्यांच्या तेराव्या वाढदिवसाचे वर्ष 5797 हे साधे वर्ष आहे. त्यामुळे धाकट्याचा बार मिट्झवा (तेराव्या वर्षीचा धार्मिक संस्कार) 1 आदारला आणि थोरल्याचा 29 आदारला, असा उलटा क्रम येतो, आणि धर्मशास्त्राप्रमाणे तोच योग्य आहे. ओळीतल्या क्रमांकावर चालणारा प्रोग्रॅम धाकट्याला निसानमध्ये ढकलतो.

तरीही वार्षिक स्मृतिदिनाचा, म्हणजे यार्झाइटचा, प्रश्न निव्वळ गणिताने सुटत नाही. साध्या वर्षाच्या आदारमध्ये मृत्यू झालेल्या व्यक्तीचा स्मृतिदिन लीप वर्षात अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय यहुद्यांच्या) प्रथेनुसार पहिल्या आदारमध्ये येतो, तर सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांच्या) प्रथेनुसार दुसऱ्या. हेबकॅल ही लायब्ररी जन्म आणि मृत्यू यांचे नियम वेगळे ठेवते, ही तिची मोठी जमेची बाजू: त्याच आदारमधला वाढदिवस ती दुसऱ्या आदारमध्ये दाखवते, स्मृतिदिन पहिल्यात. पहिल्या आदारच्या 30 तारखेचा स्मृतिदिन साध्या वर्षात ती आदारच्या आधीच्या महिन्यात, 30 शेवातला, आणते, वाढदिवस मात्र 1 निसानला नेते. आयसीयू किंवा टेम्पोरल वापरल्यास हे सारे स्वतः लिहावे लागते.

म्हणून अश्केनाझी सभास्थानासाठी हेबकॅल जसेच्या तसे घ्यावे. कोकण, मुंबई, ठाणे येथील किंवा इस्राएलला गेलेली बेने इस्राएल (मराठी यहुदी) कुटुंबे प्रामुख्याने सेफार्दी रीत पाळतात. त्यांच्यासाठी वाढदिवस हेबकॅलवर सोपवावेत, पण साध्या आदारमधील मृत्यूंचे स्मृतिदिन, त्या कुटुंबाला आणि सभास्थानाला विचारून, टेम्पोरलच्या ‘एम06’ या संकेतावर बांधावेत.